पिंजरा उन्हाच्या खिडकीत असेल, तर शॅमेलिऑनला (रंग बदलणाऱ्या सरड्याला) वेगळा यूव्हीबी (अतिनील-बी किरणांचा) दिवा लागतो का?

हो, लागतो. खिडकीच्या साध्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळं काचेतच अडतं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या तुमच्या घरात मुलाचा वेल्ड (veiled) जातीचा शॅमेलिऑन दिवसभर उन्हात बसलेला दिसला, तरी त्याला हवं ते मिळत नाही. उलट जुलै-ऑगस्टमध्ये काचेमागे पिंजरा नको इतका तापेल. पिंजरा तिथून हलवा.

दुकानातून मिळालेल्या पिळाच्या कॉम्पॅक्ट बल्बबद्दलही तुम्ही विचारलंय. तो बदलाच. त्याचं यूव्हीबी एका छोट्या ठिपक्यात पडतं आणि थोडं लांब गेलं की झपाट्याने कमी होतं. तुम्हाला हवी आहे लांब नळी, टी५ हाय आउटपुट (बारीक पण जास्त ताकदीची), मागे रिफ्लेक्टर असलेल्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे नळी बसवायच्या पट्टीत. रेप्टीसन ५.० किंवा आर्केडिया ६ टक्के, यांपैकी कोणतीही घ्या. खोक्यावर नुसतं 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलेल्या दिव्यात यूव्हीबी असेलच असं नाही. रोपांसाठीच्या एलईडीत तर नसतंच.

पण नळी विकत घेतली म्हणजे काम झालं नाही. महत्त्वाचं आहे ते फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीवर किती यूव्हीबी पोचतं. ते यूव्ही इंडेक्समध्ये मोजतात आणि वेल्डसाठी सर्वांत वरच्या फांदीवर साधारण ३ असावा, असं अनुभवी पाळणारे धरून चालतात. पिंजऱ्याच्या छताची जाळीच तीस ते पन्नास टक्के अडवू शकते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर सांगितलेली नळी जाळीवर ठेवली, तर बसल्यावर त्याची पाठ जाळीपासून आठ-नऊ इंच खाली येईल अशी फांदी बांधा. अंतर पाठीपासून मोजा, फांदीपासून नव्हे. जाळी दाट असेल, फिक्स्चर दोन किंवा चार नळ्यांचं असेल, तर हा हिशेब बदलतो. म्हणून यूव्ही इंडेक्स मोजणारं सोलरमीटर ६.५ नावाचं यंत्र मिळालं तर सोनंच. ते महाग आहे, पण तुमच्या भागातल्या सरीसृप पाळणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल तर एका संध्याकाळपुरतं मागून आणा.

एवढा आटापिटा कशासाठी, तर यूव्हीबी कातडीवर पडल्यावर तिथे डी३ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं आणि शरीराच्या उबेने त्याचं डी३ होतं. डी३ नसेल तर पोटातलं कॅल्शियम रक्तात नीट शोषलं जात नाही आणि शरीर ते हाडांतून ओढून घेतं. म्हणून उबेचा बल्ब नळीला लागूनच ठेवा, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच फांदीवर मिळेल.

आणि सावली द्यायला विसरू नका. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात डी३ कमी होतं ते यूव्हीबीत जास्त बसत होते. म्हणजे या प्राण्याला आपली गरज कळते. मला हे फार विलक्षण वाटतं, आणि आपलं कामही यातच आहे: वरती भरपूर, खाली पानांच्या गर्दीत जवळजवळ शून्य, आणि मधे फिरायला वाट. निवड त्याला करू द्या. दिवा बारा तास चालू, रात्री पूर्ण अंधार. टायमर लावून टाका.

पावडरींचं थोडक्यात: डी३ नसलेलं कॅल्शियम जवळपास प्रत्येक खाण्याबरोबर किड्यांवर भुरभुरवा, डी३ असलेलं मल्टिव्हिटॅमिन दोन आठवड्यांतून एकदा. तोंडावाटे डी३ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून दिव्याची कसर पावडरीने भरू नका.

नळीवर लावल्याची तारीख लिहा आणि वर्षभराने बदला. डोळ्यांना ती तशीच लखलखीत दिसते, पण यूव्हीबी केव्हाच उतरलेलं असतं.

हे वाचून भारतात कोणाला शॅमेलिऑन आणावासा वाटला तर थांबा. आपल्याकडचा भारतीय शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे.

शेवटी, पिल्लू आधीपासून त्या कॉम्पॅक्ट बल्बखाली असल्यामुळे त्याच्याकडे आजच नीट बघा. पुढचे पाय कोपरापाशी वाकलेत का, फांदीवरची पकड ढिली वाटते का, जबडा मऊ लागतो का, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही का? यातलं एकही दिसलं तर नळी येण्याची वाट न बघता सरीसृप तपासणाऱ्या व्हेटकडे न्या आणि एक्स-रे काढून घ्या. वाकलेलं हाड पूर्ववत होणं कठीण असतं, पण लवकर उपचार मिळाले तर पुढची झीज थांबवता येते.