चवथीआधी नवा लॅपटॉप घेऊ का?

फोंड्याच्या एका ताई विचारतात: घरबसल्या अकरा दुकानांचे हिशेब लिहिते, जीएसटी रिटर्न भरते. महिन्याला सरासरी 32,000 रुपये मिळतात. लॅपटॉप 2018 चा आहे, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच सहा मिनिटं घेतो. चवथीच्या ऑफरमध्ये वेगवान प्रोसेसरचा नवा 68,000 ला मिळतोय, बारा बिनव्याजी हप्ते. रोखीने 64,500. दुरुस्तीवाला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), 8 जीबी रॅम, बॅटरी आणि साफसफाई मिळून 12,700 सांगतो. बचत खात्यात 60,000 आहेत. यजमानांची टॅक्सी पावसात बहुतेक दारातच असते. काय करू?

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की टचपॅड थोडा वर आल्यासारखा वाटतो. मला सगळ्यात आधी त्याचीच काळजी वाटली. खालची बॅटरी फुगली की टचपॅड असा उचलला जातो, आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. आज लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका. उद्या सकाळी दुकानात न्या. नवा घ्यायचा की जुना ठेवायचा, हे त्यानंतर.

आता वेगाचं. बॅटरी बदलून आली की, एसएसडी बसवण्याआधी एक गोष्ट करून बघा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर उघडे ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क आणि मेमरी शंभराला टेकलेली आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तीस-चाळीसवर दिसला, तर तो नुसता डिस्क आणि मेमरीची वाट बघत बसलाय. तुमच्या वर्णनावरून मला तेच दिसतं. चार कोरचा हा आय-फाइव्ह टॅलीला आणि एक्सेलला आजही पुरतो, विंडोज 11 च्या यादीतही बसतो. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तुमच्याकडे अकरा दुकानांचा डेटा आहे, म्हणून विंडोज 11 त्याच फेरीत घालून घ्या. मात्र 20 तारखेला जीएसटीचं पोर्टल अडतं, ते कुठल्याही प्रोसेसरने सुटणार नाही. 3बी हे महिन्याचं रिटर्न अठराला भरायची सवय लावा.

‘बिनव्याजी’ हा शब्द मला खटकतो. रोखीने 64,500 आणि हप्त्याने 68,000, म्हणजे 3,500 रुपये व्याजच झालं. हप्ते क्रेडिट कार्डावरचे असतील तर बँक त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लावते, ते आणखी 630. प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्या दिरांनी सांगितलं की धंद्याची वस्तू म्हणून टॅक्स वाचेल. तुमच्या बाबतीत वाचणार नाही. वर्षाचे 3,84,000 म्हणजे नव्या करप्रणालीतल्या 4 लाखांच्या मर्यादेच्या आतच, मग वाचवायला टॅक्स आहे कुठे? जीएसटी नोंदणीही तुम्हाला लागत नाही, त्यामुळे 68,000 मधले जीएसटीचे जवळपास 10,400 रुपये परत येत नाहीत.

आणि वेळ बघा. घरखर्च महिना 28,000 लिहिलाय, म्हणजे हातातले 60,000 दोन महिन्यांचे. यजमानांची गाडी पुन्हा नीट फिरायला ऑक्टोबर उजाडेल. मध्ये चवथ आहे, माटोळीपासून करंज्यांपर्यंत खर्च टळत नाही. त्यात दर महिन्याला 5,667 चा हप्ता नको.

तुमचा एक मुद्दा मात्र मी हलका धरत नाही: वेगवान लॅपटॉप आला तर आणखी तीन दुकानं घेता येतील, प्रत्येकी 2,500. महिना 7,500 म्हणजे नवा लॅपटॉप नऊ-दहा महिन्यांत फिटतो. पण ती दुकानं ठरलीत का? ठरली असतील तर एसएसडी टाकलेल्या याच मशिनवर सुरू करा. तीन महिने ते पैसे खरंच हातात आले आणि तरीही सीपीयू शंभरावर दिसू लागला, तर नवा घ्या, मी अडवणार नाही.

तर दुरुस्ती करा. पैसे देण्याआधी दुरुस्तीवाल्याला झाकण उघडून रॅमचा मोकळा स्लॉट दाखवायला सांगा, काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते. मदरबोर्डच खराब निघाला तर 12,700 त्यात ओतू नका. मग साधा, 16 जीबी रॅमचा लॅपटॉप रोखीने घ्यावा लागेल, सर्वांत महागडा प्रोसेसर सोडून. ऑक्टोबरपासून 3,000 ची आवर्ती ठेव सुरू करा, दीड वर्षात 54,000 आणि वर व्याज जमेल. हा लॅपटॉप दमेल तेव्हा हप्त्यांकडे बघावं लागणार नाही.

काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तीनेकशे-पाचशेच्या केसमध्ये घालून घरी आणा, टॅलीचा डेटा त्यावर आहे. पण ती जुनी आहे, तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. दर महिन्याच्या रिटर्ननंतर एक प्रत पेनड्राइव्हवरही घ्या.