वाचकांचे प्रश्न : वजन कमी करण्यासाठी कोणते ॲप निवडावे?

प्रश्न : माझे वय 45, उंची 158 सेंटिमीटर आणि वजन 72 किलो आहे. काम दिवसभर बसून असते. गेल्या वर्षी कॅलरी मोजण्याचे एक ॲप घेतले होते, पण खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करून तीन आठवड्यांत कंटाळले. आता एक मैत्रीण दुसरे ॲप सुचवते आहे. त्यात मार्गदर्शक मिळतो, मात्र वर्षभराचे पैसे आधी भरावे लागतात. ते घ्यावे का?

उत्तर : तीन आठवड्यांत कंटाळा आला, ही तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ आहे. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 160 जणांना चार निरनिराळ्या लोकप्रिय आहारपद्धती वाटून दिल्या होत्या. वर्षअखेरीस कोणाचे वजन किती उतरले, हे पद्धत कोणती होती यापेक्षा ती किती पाळली गेली यावर ठरले. म्हणून ॲपची जाहिरात काय सांगते हे बाजूला ठेवून, ते रोज तुमच्याकडून नेमके कोणते काम करून घेणार आहे, हे आधी पाहावे. ज्यांना आकड्यांची आवड असते त्यांना नोंदी ठेवणे जड जात नाही, पण तुमचा तो पिंड दिसत नाही. तेव्हा जेवणाचा केवळ फोटो काढून ठेवायला सांगणारे किंवा दर आठवड्याला एकच सवय बदलायला लावणारे ॲप तुम्हाला अधिक झेपेल.

पहिल्या ॲपने दिलेला आकडा कुठून येतो, तेही एकदा पाहून घ्या. बहुतेक ॲप वय, उंची आणि वजन यांवरून विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणारी ऊर्जा काढतात. 1990 साली मांडलेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार तुमच्या बाबतीत ती दिवसाला सुमारे 1,320 कॅलरी भरते. यापुढे ॲप विचारते की तुमची हालचाल कितपत असते. ‘बैठे काम’ निवडले तर हा आकडा 1.2 ने गुणला जातो आणि एकूण 1,586 येतात. ‘थोडीफार हालचाल’ निवडली तर 1.375 ने गुणून 1,817 येतात. एका बोटाच्या स्पर्शाने 231 कॅलरींचा फरक पडला, आणि बहुतेक जण, मीसुद्धा, इथे स्वतःला जरा जास्तच चपळ समजतात. त्यानंतर आठवड्याला किती वजन घटवायचे, हा प्रश्न येतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी, त्यामुळे ‘अर्धा किलो’ म्हटले की रोजचे 550 वजा होतात आणि तुमच्या ताटात जेमतेम 1,036 उरतात. इतक्या कमी खाण्यावर दिवसभर काम करणाऱ्या माणसाला तीन आठवड्यांत कंटाळा आला नसता तरच नवल. पाव किलोचे उद्दिष्ट ठेवले असते तर 1,311 मिळाल्या असत्या. हा वेग निरुत्साही वाटेल, पण त्या गतीने साधारण साडेतीन महिन्यांत 3.6 किलो, म्हणजे तुमच्या वजनाचे पाच टक्के उतरतात, आणि रक्तातील साखर व रक्तदाब यांत सुधारणा दिसू लागण्यास तेवढी घट बहुधा पुरते. वजन उतरते तशी शरीराची गरजही घटते, त्यामुळे हा हिशेब पुढे मंदावत जातो. जे ॲप तुमचे वजन बदलल्यावर आकडा नव्याने काढत नाही, ते घेऊ नये.

मार्गदर्शकाची साथ मोलाची असते, याला चांगला आधार आहे. मधुमेहाचा मोठा धोका असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येकाला मार्गदर्शकाबरोबर सुरुवातीच्या 16 बैठका, वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम असा कार्यक्रम दिला होता. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण केवळ नाममात्र, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिले. मात्र तुमच्या मैत्रिणीच्या ॲपमधला मार्गदर्शक जिवंत माणूस आहे की ठरावीक उत्तरे पाठवणारी यंत्रणा, त्याचे आहारशास्त्राचे शिक्षण काय आणि आठवड्यातून किती वेळा बोलणे होईल, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. महिन्याची वर्गणी उपलब्ध नसेल तर मी तरी थांबेन. मोफत वापराचे दिवस मिळत असतील तर ते सुट्टीत न घालवता कामाच्या सर्वांत धावपळीच्या आठवड्यात वापरून पाहा. आणखी एक, फोनवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी आपोआप थांबत नाही; ती वेगळी रद्द करावी लागते.

प्रश्न : एका कार्यक्रमात महिन्यात दहा किलो वजन घटेल अशी हमी दिली आहे. मला मधुमेह असून मी इन्सुलिन घेतो. प्रयत्न करून पाहायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. दहा किलो चरबी म्हणजे 77,000 कॅलरी. महिन्यात त्या संपवायच्या तर रोज अडीच हजारांहून अधिक तूट हवी, आणि अनेकांचा दिवसभराचा संपूर्ण खर्चही तेवढा नसतो. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तो मुख्यतः शरीरातील साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचे पाणी गेल्यामुळे. इन्सुलिनची मात्रा तीच ठेवून खाणे एकदम तोडले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, शिवाय वेगाने वजन घटवल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. कोणताही कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी औषधे देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. नाव नोंदवताना चालू औषधांविषयी एकही प्रश्न न विचारणारा कार्यक्रम तुमच्यासाठी नाही. गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आणि पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झालेल्यांनीही हेच पाळावे.

प्रश्न : मनगटावरचे घड्याळ रोज 400 कॅलरी खर्च झाल्याचे दाखवते आणि ॲप तेवढे जास्त खाण्याची मुभा देते. तरी वजन हलत नाही. असे का?

उत्तर : घड्याळे नाडीचे ठोके बऱ्यापैकी अचूक मोजतात, कॅलरी मात्र नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 साली सात उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत चांगल्या उपकरणाचाही कॅलरींचा अंदाज सरासरी 27 टक्क्यांनी चुकला होता. दुसरीकडे, खाण्याच्या नोंदी सहसा खऱ्यापेक्षा कमी भरतात. स्वयंपाकातला एक मोठा चमचा तेल नोंदवायचे राहिले तरी सुमारे 120 कॅलरी निसटतात. ॲपच्या सेटिंगमध्ये व्यायामाच्या कॅलरी आहारात मिळवण्याचा पर्याय असेल, तो बंद करा आणि तीन आठवडे ठरल्याप्रमाणेच खा. वजन रोज सकाळी एकाच वेळी करून आठवड्याची सरासरी पाहा. तीही हलली नाही, तर आपण पुन्हा बोलू. तेव्हा त्या तीन आठवड्यांच्या नोंदी सोबत पाठवा.