नातवाला क्लबानं बोलावलंय

प्रश्न : सर, माझी लेक इंग्लंडात लीड्सला असते. नातू पंधरा वर्षांचा, रग्बी लीग खेळतो. एका व्यावसायिक क्लबानं त्याला अकादमीसाठी बोलावलंय. जावई म्हणतात, क्लब धंदेवाले. पोरं घडवणं हे शाळेचं आणि गल्लीतल्या मंडळाचं काम. त्यांचं बरोबर आहे का?
– एक आजी, निपाणी

उत्तर : अक्का, जावयांची शंका रास्त आहे, पण मला पटत नाही. हा तेराजणांचा खेळ १८९५ साली हडर्सफील्डला मूळ रग्बीपासून वेगळा झाला तोच पैशावरून. खाणीत-गिरणीत राबणाऱ्या खेळाडूची बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, हा वाद होता. तेव्हा इथं तरी धंद्याला नाक मुरडू नये.

लीड्सच्याच क्लबाचं बघा. केविन सिनफील्ड, डॅनी मॅग्वायर, रॉब बरो ही पोरं अकादमीतून वर आली आणि २००४ ते २०१७ या काळात क्लबानं आठदा ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा विजेता ठरवणारा सामना, मारली. बरो जेमतेम पाच फूट पाच इंच! धिप्पाड गड्यांच्या या खेळात तयार खेळाडू विकत घेणाऱ्यानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पोराला लहानपणापासून बघणाऱ्यालाच त्याची चपळाई कळते. आपल्याकडं पुणेरी पलटणनं आपल्या युवा पलटण या अकादमीतून अस्लम इनामदारसारखी पोरं तयार केली आणि २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली, ती अशीच.

माझी हरकत वेगळीच आहे. आपल्या सीमाभागातल्या तालमीत हळद, ताक, तेल घालून माती मळतात. नवं पोरगं कितीतरी दिवस नुसते जोर-बैठका मारतं. जत्रेच्या मैदानात ते चीतपट झालं, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद त्याला हाक मारतोच. क्लब मात्र अठराव्या वर्षी यादीतून नाव काढून मोकळा होतो, आणि बहुतेकांचं नाव निघतंच.

म्हणून जावयांनी स्वतः जाऊन विचारावं : नाव काढलं तर पुढच्या शिक्षणाचं काय? डोक्याला मार बसला तर परत कधी उतरायचं हे कोण ठरवणार, डॉक्टर की कोच? गल्लीतल्या मंडळाकडून खेळायची मुभा राहील का? उत्तरं लेखी मिळाली तर खुशाल पाठवा. नुसती तोंडी मिळाली, तर वर्षभर मंडळातच खेळू दे. पंधरा म्हणजे काही उशीर झालेला नाही.