मॉर्मन (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला पंथ) ग्रंथांतला देव आणि पारंपरिक ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) यांत नेमका फरक कुठे आहे?

फरक शोधायला नुसतं ‘बुक ऑफ मॉर्मन’ उघडलंत तर फसाल. १८३० च्या या ग्रंथात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ‘एक देव’ असंच म्हटलंय (२ नेफी ३१:२१; नेफी हे त्यातल्या भागांचं नाव). खरी फारकत नंतर येते. ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या मॉर्मनांच्या दुसऱ्या धर्मग्रंथातलं १३०:२२ काढा: पित्याला माणसासारखंच हाडामांसाचं शरीर आहे, पुत्रालाही, पवित्र आत्म्याला मात्र नाही. म्हणजे तिघं वेगळे, एकी हेतूची. याउलट इ.स. ३२५ ची नायसिया परिषद (ख्रिस्ती धर्मगुरूंची सभा) पिता-पुत्राचं तत्त्वच एक मानते. कॅथलिक असोत वा प्रोटेस्टंट, पिता अशरीरीच.

ग्रंथातलं वचन उद्धृत करताना आवृत्तीही बघा. १ नेफी ११:१८ मध्ये मरिया आधी ‘देवाची आई’ होती. १८३७ च्या आवृत्तीत ‘देवाच्या पुत्राची आई’ झाली.