सोळा पानांत वडील कसे मावतील?

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते उमरग्याला आले आणि पुढे तीसेक वर्षं आसपासच्या गावांत घरं बांधत राहिले. वर्षश्राद्धाला सोळा पानांची पुस्तिका काढायची आहे. नातेवाइकांचे लेख 'कष्टाळू, शिस्तप्रिय, मनमिळाऊ' याच्या पुढे सरकत नाहीत. एकाहत्तरच्या लढाईबद्दल त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. मेडल्स तेवढी पेटीत आहेत. काय लिहू?
– एक वाचक, उमरगा

उत्तर : किल्लारीच्या भूकंपानंतर मी तुमच्याच भागात ज्युनियर इंजिनिअर होतो, म्हणून संपादकांनी हे पत्र माझ्याकडे सरकवलं.

आधी पेटी उघडा. पश्चिमी स्टार असेल तर वडील एकाहत्तरला पश्चिम आघाडीवर होते, पूर्वी स्टार असेल तर बांगलादेशच्या बाजूला. नुसतं संग्राम मेडल असेल तर त्या काळात ते नोकरीत होते, एवढंच कळतं. त्यावर रणांगण रचू नका. त्या मेडलच्या कडेवर सैन्य क्रमांक कोरलेला असतो. तो आणि डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी लष्कराने दिलेलं सेवेचं पुस्तक) जोडून आईच्या सहीने बॉम्बे सॅपर्सच्या खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक मदत करतात.

सॅपर म्हटलं की वाचक बंदूक शोधतो. त्यांचं मुख्य काम म्हणजे सुरुंग काढणं, पूल टाकणं, रस्ता मोकळा करणं. याच बॉम्बे सॅपर्सच्या रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते १९४८ साली राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे हटवल्याबद्दल. हे एका परिच्छेदात सांगा आणि गावाकडे या, कारण तुमचा खरा ऐवज तिथे आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या बाजूला माणसं मेली ती बहुतेक स्वतःच्याच घराखाली. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती नि चुरा. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर, त्यावर दरवर्षी पावसाआधी टाकलेली माती, म्हणजे डोक्यावर टनावारी ओझं. नंतर जी घरं उभी होती त्यांच्या भिंतींना आम्ही आरपार भोकं पाडून घेत असू. त्यात वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट ठासायचं आणि वरची माती कमी करायची. मातीला मालक हात लावू द्यायचे नाहीत. माती काढली की घर तापतं म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

वडिलांनी ही कामं घेतली असतील तर त्या गावांत जा. बिनगिलाव्याच्या दगडी भिंतीवर त्या बुजवलेल्या भोकांचे सिमेंटचे ठिपके दिसले की फोटो काढा आणि मालकाला विचारा, हे कुणी केलं. नवीन घर असेल तर दारा-खिडक्यांवरून भिंतींना एकत्र धरणारा काँक्रीटचा पट्टा सलग फिरलाय का ते पाहा. हाताखालचा एखादा गवंडी हयात असेल तर त्याला आधी गाठा. घरच्यांपेक्षा तो जास्त सांगेल. कुणी म्हणेल, 'लई तापट माणूस, ओळंब्यात नसला तर रचलेला थर उतरवायला लावायचा.' हे त्याच्याच शब्दांत छापा. व्यवहाराचं भांडण निघालं तर तेही येऊ द्या, समोरच्याचं नाव मात्र नको.

नातेवाइकांचे लेख एका पानावर आटपा. मोजमापांची वही सापडली तर तिची दोन पानं जशीच्या तशी घ्या, अक्षर वाचता येत नसलं तरी.

डिस्चार्ज बुकाचा फोटो छापाल तेव्हा सैन्य क्रमांक झाका. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि आईच्या बँकेचे तपशील तर कुठेच येऊ देऊ नका. अशा पुस्तिका मोबाइलवर फिरतात आणि आईची फॅमिली पेन्शन त्याच खात्यात येत असणार.