एआयने काढलेलं आंबापेटीचं चित्र शेजारच्या बागायतदाराने उचललं, तर दावा लावता येतो का?

लावता येतो, पण टिकेलच असं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने संगणकाने केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारा, असं धरलंय. नुसती एक ओळ टाइप करणं त्यात बसतं का, हे मात्र कायद्यात कुठेच नाही. त्यापेक्षा पेटीवरचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवा.

जबाबदारी मात्र सगळी तुमचीच. आमच्या देवगडच्या पेटीसाठी पुतण्याने असंच चित्र काढून घेतलं, तर कोपऱ्यात सरकारी शिक्क्यासारखं काहीतरी उमटलेलं! छपाईआधी दिसलं म्हणून वाचलो. हापूसला २०१८पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कोकणातल्या ठरावीक जिल्ह्यांच्या आंब्यालाच लावता येतं; कर्नाटकी आंब्यावर 'देवगड हापूस' छापलंत, तर 'एआयने लिहिलं हो' ही सबब कोण ऐकणार?