रक्तदाबासाठी आरएनए : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रक्तदाबावरच्या आरएनए इंजेक्शनाने आपली जनुके बदलतात का?

उत्तर : नाही, हे औषध डीएनएला हातच लावत नाही. सध्या सर्वांत पुढे असलेले झिलेबेसिरान हे औषध म्हणजे आरएनएचा (डीएनएशी नाते असलेल्या रेणूचा) एक छोटा तुकडा असून त्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही. म्हणूनच त्याला नॉन-कोडिंग म्हणतात. त्याला जोडलेल्या शर्करेमुळे यकृताच्या पेशी त्याला आत घेतात, आणि तिथे तो अँजिओटेन्सिनोजेन बनवण्याचा निरोप घेऊन निघालेला संदेशवाहक आरएनए नष्ट करवतो. या प्रथिनापासूनच पुढे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अँजिओटेन्सिन-२ तयार होते. निरोप अडवण्याची ही यंत्रणा मुळात निसर्गाचीच आहे; तिच्या शोधासाठी फायर आणि मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले.

प्रश्न : मी गोळ्या घ्यायला वारंवार विसरते. इंजेक्शन आले की गोळ्या थांबवता येतील का?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि या संशोधनामागची मुख्य प्रेरणाही तीच आहे; एका इंजेक्शनाचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. हे औषध अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहे. ‘कार्डिया-१’ या चाचणीत तीन महिन्यांनंतर चोवीस तासांच्या सरासरीतील वरचा रक्तदाब औषधविरहित इंजेक्शनाच्या तुलनेत सुमारे १४ ते १७ मिमीने कमी आढळला. ‘कार्डिया-२’मध्ये मात्र हेच औषध रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांना जोड म्हणून दिले गेले : इंडापामाइडच्या जोडीला दिल्यावर सुमारे १२, अम्लोडिपिनच्या जोडीला सुमारे १० आणि ओल्मेसार्टनच्या जोडीला जेमतेम ४.५ मिमीची घट मिळाली. मला हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो, कारण ओल्मेसार्टन त्याच अँजिओटेन्सिनच्या साखळीची पुढची कडी अडवते, आणि एकच वाट दोनदा अडवून दुप्पट लाभ होत नाही. ज्यांना अनेक औषधे लागतात त्यांच्या गोळ्या यामुळे बंद होतील, असे मला वाटत नाही. एखादी कमी होऊ शकेल. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे तपासण्यासाठी सुमारे ११,००० रुग्णांची मोठी चाचणी हाती घेण्यात आली आहे.

प्रश्न : मायक्रोआरएनएवरही औषधे निघतील का?

उत्तर : मायक्रोआरएनए म्हणजे पेशीत मुळातच असणारे, जनुकांचे काम नियंत्रित करणारे छोटे आरएनए. प्रयत्न चालू आहेत, पण एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो, त्यामुळे नको तिथे धक्का न लावता नेमके हवे तेवढेच साधणे फार कठीण जाते.

प्रश्न : परिणाम सहा महिने टिकला आणि मध्येच रक्तदाब फार उतरला, तर काय?

उत्तर : हाच प्रश्न प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावा, असे मला मनापासून वाटते. जुलाब, रक्तस्राव किंवा गंभीर जंतुसंसर्गात शरीर याच साखळीच्या आधारे रक्तदाब सावरते. गोळी बंद केली की तिचा परिणाम काही दिवसांत ओसरतो, टोचलेले औषध मात्र परत घेता येत नाही. सुरुवातीच्या चाचणीत मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या आहाराने परिणाम कमी झाल्याचे दिसले, त्यामुळे त्याला उतारा अगदीच नाही असे नव्हे. गर्भारपणाबाबत मात्र मी अधिक सावध आहे : या साखळीवरची प्रचलित औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात म्हणून दिवस राहिल्याचे कळताच ती थांबवली जातात, आणि सहा महिने टिकणाऱ्या इंजेक्शनाच्या बाबतीत ती सोय उरत नाही.